गुजरीतलं पॉलिश आणि चपलेचं तेल

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुंपण शोधायला निघालात तर दमाल. इथं घराला घर खेटलेलं, पुढं गल्ली, मागं परडं आणि दोन परड्यांच्या मधे भिंत. आमच्या आणि अण्णांच्या मधली भिंत छातीएवढी आहे. तिच्या वरच्या थरातल्या दोन विटा कधीच्याच निखळल्यात, त्यामुळं दोघांचे कोपर बरोबर मावतील अशी खाच झालीय. कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलंय, शिवाजी तरुण मंडळाच्या फुटबॉल टीममध्ये यंदा कोण खेळणार, रंकाळ्याच्या पाण्यात परत हिरवं का आलं, सगळं त्या खाचेत ठरतं. गेल्या पितृपंधरवड्यात मात्र तिथं एकच विषय. अण्णांच्या फियाटला लावायचं काय?

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1984 ची, गडद निळी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या कंपनीनं कुर्ल्यात बनवलेली. कंपनीनं गाडीचं नाव बदललं, लोकांनी बदललं नाही. आमच्याकडं ती फियाटच. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी अण्णा दुपारी जेवले नाहीत. वहिनी म्हणाल्या, सकाळी साकोली कॉर्नरला मिसळ हाणून आले होते म्हणून. दोन्ही खरं असेल.

गाडी अण्णांच्या वडिलांची. मी शाळेत असताना दर रविवारी या भिंतीवरून मला एकच देखावा दिसायचा. थोरले मालक बनियनवर, खांद्यावर जुन्या धोतराचा बोळा, हातात रबिंग कंपाउंडचा डबा. बॉनेटवर बोट-बोट कंपाउंड टाकायचे आणि गोल गोल घासत बसायचे. घाम आला की थांबायचे, लांब जाऊन बघायचे, परत घासायचे. धोतराचा बोळा निळा व्हायचा. मी एकदा विचारलं, "काका, निळं कसलं निघतंय?" ते म्हणाले, "मळ."

तो मळ नव्हता. तो रंग होता. त्या वेळच्या गाड्यांच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसायचा, जो काय असेल तो रंगच, त्यामुळं घासलं की फडक्यावर गाडीच उतरायची. वीसेक वर्षांत बॉनेटच्या मधल्या उंच कडेवर करंगळीएवढा करडा पट्टा दिसायला लागला. खालचा प्रायमर. जिथं माया जास्त केली तिथंच गाडी उघडी पडली.

अण्णांनी गेल्या पाडव्याला मन घट्ट करून पूर्ण गाडी रंगवून घेतली. पत्र्यापर्यंत खरडून, लांबी भरून, प्रायमर मारून, वर पीयू पेंट आणि त्याच्यावर क्लिअर कोट. पेंटरनं गाडी ताब्यात देताना सांगितलं होतं, "अण्णा, तीन महिने काय बी लावू नका. रंगाला श्वास घेऊ द्या." हे त्या पेंटरनं बरोबर सांगितलं. ताज्या रंगातलं थिनर हळूहळू उडत असतं. वरून लगेच झाकण घातलं तर ते आत कोंडतं. अण्णा तीन महिने नाही, सहा महिने थांबले. आता दसरा तोंडावर आला होता आणि त्यांना धीर धरवत नव्हता.

"आरं, हे बघ," म्हणत त्यांनी मोबाईल भिंतीवर ठेवला. "ह्या बाटलीवर लिहिलंय पॉलिश. ह्या बाटलीवर सीलंट. आन् ह्या तिसऱ्या बाटलीवर दोन्ही. आता मी काय पिऊ?"

मी म्हणालो, "अण्णा, आधी हे सांगा, गाडीला झालंय काय?"

"काय झालेलं न्हाई. झालं असतं तर डॉक्टरकडं गेलो असतो. काय हुऊ नये म्हणून ईचारालोय."

तेवढ्यात वहिनी कपडे वाळत घालायला आल्या. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, परगावच्यांना त्याचं हसू येतं. त्यांना काय कळणार. तोंडातला चिमटा काढून वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी एक ईचारतो. हे पॉलिश दागिन्याचं का चपलेचं?"

अण्णा म्हणाले, "गाडीचं चाललंय गं."

"त्येच म्हणतो मी. आत्तींचा साज मी एकदा पॉलिशला दिला हुता गुजरीत, सोनाराकडं. द्यायच्या आदी वजन केलं, आणल्यावर केलं. गुंजभर कमी! ईचारलं तर म्हणतोय कसा, वहिनी, मळ गेला. मळ काय सोन्याच्या भावानं जातोय व्हय? आन् तुमच्या चपलेला मी तेल घालतो, त्ये चामड्यात बसतंय. चप्पल वाढत न्हाई, पर कमी बी हुत न्हाई. ही तुमची बाटली कुठल्या जातीची, त्ये आदी बघा की."

मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. नकाशे काढले, कालव्याचे छेद काढले. पण एवढा स्वच्छ छेद मला कुणी काढून दाखवला नव्हता. सगळा घोटाळा शब्दाचा आहे. बुटाला पॉलिश लावतो ते वर चढतं. कपाटाला सुतार पॉलिश मारतो, लाखेचं, तेही वर चढतं. म्हणून गाडीचं पॉलिशही वर चढत असेल असं आपण धरून चालतो. पण गाडीचं पॉलिश गुजरीतलं आहे. त्यात अगदी बारीक, पिठासारखी खरड असते, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची. रंगावर रेघ आली की पॉलिश ती रेघ भरत नाही; रेघेच्या दोन्ही बाजूची जमीन खाली आणतं. रेघ दिसायची थांबते, कारण तिचे काठ गेलेले असतात. सोबत थोडा रंगही गेलेला असतो. सीलंट हे चपलेचं तेल. त्यात खरड नाही. कारखान्यात बनवलेलं पॉलिमर, रंगावर पातळ पापुद्र्यासारखं बसतं, ऊन-पाऊस-घाण आधी स्वतःवर घेतं आणि चार-सहा महिन्यांत झिजून जातं. झिजायचं ते झिजतं, गाडी नाही झिजत.

आणि तिसरी बाटली? दोन्ही लिहिलेली? तिच्यात थोडी खरड, थोडं तेल, थोडं भरण. रेघांत तेलकट भरण बसतं आणि गाडी पहिल्या दिवशी जयप्रभा स्टुडिओच्या रंगपटातून आल्यासारखी दिसते. चार वेळा धुतली की मेकअप उतरतो. घाईला बरी. गाडी विकायची असेल तर फारच बरी. (वापरलेली गाडी घेणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.)

अण्णा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे बाबांनी..."

"अण्णा, तवा ते असंच करायचे सगळे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी विषय पुढं सरकला तो पुतण्यामुळं. अण्णांचा पुतण्या पुण्यात असतो, आयटीत. त्यानं फोनवर निकाल देऊन टाकला होता: सिरॅमिक कोटिंग करा, दुसरं काही नको, नाइन एच हार्डनेस असतो, हिऱ्यासारखं. अण्णांनी मला 'नऊ एच' म्हणजे काय ते विचारलं, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ड्राफ्ट्समनकीचा परड्यात उपयोग झाला. आत जाऊन मी जुन्या डब्यातल्या पेन्सिली घेऊन आलो. टूएच, फोरएच, सिक्सएच. "अण्णा, हे बघा एच. रंगाचा कडकपणा तपासायची एक जुनी पद्धत आहे, त्याच्यावर पेन्सिली ओढून बघायच्या. सगळ्यात कडक पेन्सिल नाइन एच. तिनं चरा पडला नाही की झालं नाइन एच. म्हणजे पेन्सिलीपेक्षा कडक. हिऱ्याचा आणि त्याचा संबंध नाही."

"मंजे आमची गाडी पेन्सिलीपास्नं वाचणार."

"वाचणार. उसाच्या ट्रॉलीनं उडवलेल्या खड्यापास्नं नाही वाचणार."

सिरॅमिकला नावं ठेवायची नाहीत. ते चांगलं लावलं तर काही वर्षं टिकतं, पाणी अंगाला लागू देत नाही. पण ते बसवायच्या आधी खालचा रंग पूर्ण घासून साफ करावा लागतो, कारण खाली जे असेल ते कोटिंगखाली कायमचं बंद होतं. म्हणजे परत गुजरी. शिवाय लावल्यावर गाडी धुवावी लागतच नाही अशी पुतण्याची समजूत होती. तेवढ्यावरच तो फसला. गेल्या साली त्यानं भरपूर पैसे ओतून कोटिंग केलेली पांढरी गाडी गावी आणली, आणि ज्या दिवशी पेठेतल्या टीमनं मॅच मारली त्याच दिवशी ती गल्लीत लावली. गुलाल! कोल्हापुरात मॅच मारली तरी गुलाल, निवडणूक मारली तरी गुलाल, जोतिबाच्या डोंगरावर तर चैत्रात जमीनच गुलाबी. पोरानं घाबरून बादलीभर पाणी ओतलं आणि ओल्या फडक्यानं पुसायला लागला. पाणी लागलं की गुलालाचा रंग सुटतो आणि दाराच्या फटीत, रबरात, आरशाच्या बुडात शिरतो. गाडी आठवडाभर जोतिबाला जाऊन आल्यासारखी दिसत होती. कोरडा असताना फुंकून, झटकून, मग भरपूर वाहत्या पाण्यानं सोडवायचा, फडकं शेवटी. हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगं सांगेल.

"नाद खुळा," अण्णा म्हणाले, "पैसं घालून गुलाबी गाडी."

ड्राफ्ट्समनचं झालं, आता टर्नरचं. अण्णांनी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ चालवला. त्यांना मी आकडा सांगितला: गाडीचा सगळा रंग, प्रायमरपासून वरपर्यंत, साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास. अण्णांनी डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला. वर्कशॉपातली भाषा थाऊची, एक थाऊ म्हणजे साधारण पंचवीस मायक्रॉन.

"दोन थाऊ?" ते जवळजवळ ओरडलेच. "फक्त दोन थाऊ? आरं, मी जॉबवर दोन थाऊ जास्त कट मारला तर मालक जॉब फेकून द्यायचा!"

पेपरचा कागद घ्या आणि चिमटीत धरा. तुमच्या नव्या गाडीची ती सगळी चकाकी त्या कागदापेक्षा पातळ असते. जोरात मारलेलं कंपाउंड त्यातले चार-पाच मायक्रॉन नेऊ शकतं. म्हणजे हा खजिना मोजका आहे. ज्याची गाडी बिघडलीय त्यानं तो खर्च करावा. ज्याची गाडी धड आहे त्यानं दर दिवाळीला कशाला तिजोरी उघडायची?

इथं मला माझं मत सांगून टाकायचंय, कारण भिंतीवर मी ते रोज सांगत होतो आणि अण्णा रोज विसरत होते. धड ठेवलेल्या गाडीला पॉलिश कुठलं निवडावं हा प्रश्नच उलटा आहे. आधी, लागतं का, हे बघावं. सीलंटचं मात्र तसं नाही. ते धड गाडीलाच जास्त लागतं, कारण तिच्याकडं राखण्यासारखं काही आहे.

लागतं का, हे बघायला आम्ही रात्री दहाला परड्यात उतरलो. मागच्या बोळातून ती गाडी दोन्हीकडं चार-चार बोटं सोडून आत येते, पत्र्याच्या शेडात उभी राहते. दिवसाउजेडी जे दिसत नाही ते अंधारात एका दिव्याखाली दिसतं. मी मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर तिरका धरला. निळ्या काळोखात उजेडाचा एक गोळा, आणि त्याच्याभोवती... काही नाही. स्वच्छ. डाव्या दारावर आलो, तर गोळ्याभोवती कोळिष्टकासारख्या बारीक गोल रेघा. अण्णांचा चेहरा उतरला.

"हे कुणी केलं?"

वरच्या खिडकीतून अण्णांच्या नातवाचं डोकं आत गेलं. गणपतीत त्यानं आजोबांना खूश करायला धुळीचं दार कोरड्या फडक्यानं पुसलं होतं. गाडीला लागणारे चरे रस्त्यावर कमी आणि घरात जास्त लागतात. कोरडी धूळ आणि प्रेमळ हात. डिकीवर पेंटरच्या बफिंग मशीनची लाटेसारखी छटा होती. बस, एवढंच. एक दार आणि डिकी.

मग दुसरी परीक्षा. एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घालायची (2018 पासून बंदी आहे, तरी परड्यात एक सापडतेच) आणि धुतलेल्या गाडीवरून बोटं हलकेच फिरवायची. नुसत्या हाताला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं. दार गुळगुळीत. बॉनेट गुळगुळीत. टपावर मात्र अण्णांचा हात थांबला. "रवा," ते म्हणाले. "रव्यागत लागालंय."

तो रवा कोल्हापूरचा आहे. अण्णा अजून आठवड्यातून दोनदा गाडी घेऊन उद्यमनगरात जुन्या मित्रांकडं बसायला जातात. तिथं ग्राइंडिंगच्या लोखंडाचे कण हवेत असतात. ते गरमागरम रंगावर बसतात, चिकटतात, मग पाऊस लागला की गंजून बारीक तांबूस ठिपके होतात. थंडीत गाळप सुरू झालं की कारखान्याच्या धुराड्यातून आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणातून चिपाडाची काळी काजळी उडते, ती अंगणातल्या रांगोळीवर पडते तशी गाडीवरही पडते. आणि तिसरी गोष्ट सांगताना अण्णांनी भिंतीपलीकडं बोट दाखवलं. आमचा शेवगा.

"तुझ्या शेवग्याचा डिंक, तुझ्या शेवग्याची फुलं, आन् तुझ्या शेवग्यावरच्या कावळ्याचं... त्ये तर सांगतच न्हाई."

खरंच आहे. पाखराची घाण उन्हात दोन-चार तास राहिली तरी तिच्यातली आम्लं क्लिअर कोटला खातात, आणि घाण पुसली तरी खाली नकाशा उरतो. मी म्हणालो, "अण्णा, शेंगा खाताना शेवगा माझा न्हवता." विषय तात्पुरता मिटला.

असल्या रव्याला पॉलिश लागत नाही. क्ले बार म्हणून मातीच्या पोळीसारखा एक लगदा मिळतो, साबणाच्या पाण्यात गाडी बुळबुळीत ठेवून तो हलकेच फिरवला की रवा त्यात ओढला जातो. पोळी खाली पडली की फेकून द्यायची, परत उचलून लावायची नाही, नाहीतर परड्यातली वाळू बॉनेटवर.

सगळं ठरलं, पण बाटली आणायची कशी? पितृपंधरवडा! वहिनींनी साफ सांगितलं, घटस्थापनेशिवाय घरात नवी वस्तू येणार नाही, फडकं सुद्धा नाही. त्यामुळं पुढचे आठ दिवस गप्पांवरच निभावलं. गल्लीतल्या एकानं बायकोच्या भांड्याच्या पावडरनं गाडीचा डाग काढला, तिथं आता काचेसारखी चमक जाऊन चुन्यासारखा तुकडा आहे. मी स्वतः एकदा रस्त्यावरच्या एका धुलाई सेंटरमध्ये माझी मोटारसायकल दिली होती. त्यांनी इंजिनाला मारायचं डिझेल टाकीवरही मारलं आणि त्याच पोत्याच्या तुकड्यानं पुसलं. टाकीवर अजून त्यांची सही आहे. अण्णांना आठवलं, पूर्वीचे मेस्त्री घासलेटात मेण वितळवून लावायचे. मेण वाईट नाही. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावर साठतं, कार्नोबा म्हणतात. झाडांच्या मेणांत सगळ्यात कडक, ऐंशी अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. सफरचंदावर जे नखानं खरडून आपण 'भेसळ भेसळ' करतो, त्यात कधी हेच असतं, गोळ्या-चॉकलेटवरही असतं. गडद रंगावर त्याची ओलसर झळाळी सीलंटला येत नाही. पण ते महिना-दोन महिन्यांत उतरतं. लावायचंच असेल तर सीलंट खाली, मेण वर. उलटं केलं तर सीलंटला धरायला रंगच सापडत नाही, ते मेणावरून घसरतं.

"म्हणजे सीलंट बनियन, मेण सदरा," अण्णा म्हणाले.

वहिनी आतून ओरडल्या, "आन् टेफ्लॉन?"

टेफ्लॉनचं शोरूमवाल्यांनी आपल्याकडं फार केलं. तव्यावर टेफ्लॉन बसवायला भट्टीत तीनशेच्या वर अंश तापमान लागतं. ते तापमान फियाटला दिलं तर रंगही जाईल आणि अण्णाही. बाटलीवर ते नाव असलं म्हणून तव्यासारखं काही गाडीवर बसत नाही. काम करतं ते त्यातलं मेण किंवा पॉलिमर.

अण्णांच्या या सगळ्या खटाटोपाचं मूळ मला ठाऊक आहे. राजाराम महाराजांनी जर्मनीतून मागवलेली मेबॅक दर दसऱ्याला दसरा चौकात येते. अंबाबाईची पालखी येते, तोफ होते, लोक सोनं लुटायला धावतात आणि अण्णा मेबॅकच्या मडगार्डकडं बघत उभे राहतात. मेबॅक ही मुळात झेपेलिनच्या इंजिनांची कंपनी. ही गाडी तिच्या थोड्या वर्षांच्या मोटारींपैकी. राजाराम महाराज 1940 मध्ये गेले, गाडी अजून उजेड परतवते. "वरसातनं एकदा बाहेर येती, म्हणून तशी हाय," अण्णा दरवेळी म्हणतात, आणि दरवेळी त्यांच्या आवाजात थोडा मत्सर असतो. फियाट रोज बाहेर जाते. तिला राजवाडा नाही.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सामान आलं. सकाळी सातला, पत्रा गार असताना, दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत हातमोजा विसळायचं साधं. धुणं, क्ले, परत धुणं. मग अण्णांनी निळी चिकटपट्टी काढली आणि दाराच्या कडा, डिकीची धार झाकायला लागले. कडेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि घासताना हाताचा सगळा भार कडेवरच येतो. दोन जागांना पॉलिश करायचं होतं, तरी अण्णा पट्टी घेऊन बॉनेटपाशी गेले आणि मधल्या कडेवर, जिथं हात लावायचाच नव्हता तिथंही, ती पुढून मागपर्यंत चिकटवली. अंगठ्यानं दोनदा दाबली. मी काही बोललो नाही.

सगळ्यात बारीक फिनिशिंग पॉलिश, स्पंज, वाटाण्याएवढा थेंब. दार आणि डिकी, बाकी कुठं नाही. फडकं पांढरं होतं आणि पांढरंच राहिलं. क्लिअर कोटखालचा रंग फडक्यावर उतरत नाही. अण्णांनी ते फडकं उलटं-सुलटं करून चार वेळा पाहिलं. पॉलिशचं तेल राहिलं तर सीलंट धरत नाही, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून सगळं पुसून घेतलं. मग सीलंट. इथं अण्णांचा हात सैल सुटायला लागला तेव्हा मी अडवलं. जास्त लावलं म्हणून जास्त टिकत नाही. जेवढं रंगाला धरतं तेवढंच उपयोगाचं, बाकीचं पुसायला दमछाक. भाकरीवर लोणी लावतात तसं नाही, तव्यावर तेलाचं फडकं फिरवतात तसं. मायक्रोफायबर चौघडी करून घेतलं की आठ बाजू मिळतात, प्रत्येक बाजू एकदाच.

रात्रभर ओल लागू द्यायची नव्हती. आणि हस्ताचा पाऊस कुणाला विचारून पडतो? नऊला गडगडायला लागलं. अण्णांनी शेडाच्या गळक्या पत्र्याखाली छत्री उघडून टांगली, आणि माझ्या शेवग्याच्या फांदीखाली माझीच ताडपत्री माझ्याकडूनच बांधून घेतली.

खंडेनवमीला खरा पेच आला. लेथवर बसणाऱ्या माणसाच्या घरी खंडेनवमी म्हणजे सण. हत्यारं मांडली, मायक्रोमीटर मांडला, माझ्या पेन्सिलीही वहिनींनी मागवून घेतल्या. शेवटी गाडी. अण्णांच्या आई, आमच्या काकी, तबक घेऊन आल्या. शहाऐंशी वर्षांच्या काकींना पायरी उतरायला दोघं लागतात, पण तबक कुणाच्या हातात देत नाहीत. हळद, कुंकू, चंदन, झेंडूची माळ, नारळ.

अण्णा आडवे आले. "आई, स्वस्तिक काचेवर काढूया काय?"

"काचंवर? काच पुसून जाती की."

"म्हणूनच की."

वहिनी पदराआड हसायला लागल्या. "आत्ती, त्येंनी तेल लावलंय गाडीला. चपलेला घालतो तसं. हळद लागली तर डाग पडंल म्हणून जीव चाललाय."

हळदीचा डाग पांढऱ्या रंगावर उमटतो, निळ्यावर तितका नाही. पण ओलं कुंकू दिवसभर उन्हात राहिलं तर काय करेल ते अण्णांना सांगता येईना. झेंडूच्या माळेचा दोरा वाऱ्यानं बॉनेटवर घासतो, तेही मनात होतं. ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. काकींनी ते वाचलं की नाही देव जाणे. त्या गाडीला हात टेकत पुढं आल्या, बॉनेटच्या मधल्या कडेवर बोट फिरवलं, पुढून मागं, मागून पुढं.

"हितंच झिजली हुती न्हवं?"

"व्हय," अण्णा म्हणाले.

काकींनी अंगठ्यानं कुंकवाचा एक ठिपका तिथंच टेकवला. स्वस्तिक नाही, काही नाही, एक ठिपका. वर चार अक्षता. माळ बंपरला बांधायला सांगितली. वहिनींनी चाकापुढं नारळ फोडला, पाणी थेट नव्या क्लिअर कोटवर उडालं आणि त्याचे मणी होऊन टपाटप खाली पळाले. अण्णा फडकं घेऊन धावले, नारळाचं पुसलं, आणि ठिपक्यापाशी येऊन थांबले. फडक्याची आठवी बाजू कोरी होती.

"किती तास चालंल रं?" त्यांनी भिंतीकडं न बघता मला विचारलं.

"उद्या सोनं लुटून येऊ," मी म्हणालो. "मग बघू."

तेवढ्यात वरून शेवग्याचं एक फूल पडलं, बरोबर अक्षतांच्या शेजारी. अण्णांनी वर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी शेंगांची जुडी घेऊन आलोच होतो.